वळणावर उघडणारा दरवाजा

मालवण स्टँडवर देवबागच्या एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर मासे विकून परतणारी एक काकी बसली होती. तेवढ्यात गावच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर आला.

"रे लवू, तू एसटीन? तुझी गाडी खंय?"

"कंपनीन परत बोलावल्यान, काकी. काल कोल्हापुराक ठेवन इलंय."

"परत? माझ्या सुनेचे दिवस भरत इले मरे!"

"आयतवारापर्यंत येतली गो. मागच्या दरवाजाच्या कडयेत खोट आसा. धक्को बसलो काय आपसूक उघडता. आमचीच नाय, त्या सालातल्यो सगळ्यो गाडयो बोलावल्यानी."

"म्हणजे वडाकडच्या वळणार उघडायचो तो?"

"तोच."

"आणि तू सांगलंस, वडावरचो राखणदार देवचार उघडता म्हणान!"

"दर खेपेक थंयच उघडायचो, मी काय समजू?"

"थंय खड्डो आसा रे मेल्या!"

"तां आता कळला."

"आम्ही सगळ्या गावान गाऱ्हाणा घातला. कोंबो दिलो, नारळ दिलो, विडी पेटवन ठेवली."

"विडी माझीच होती."

"कंपनीच्या सायबाक ह्या सांगलंस?"

"सांगलंय. पोट धरून हसलो. म्हणता, 'नवी कडी बसवतो, आता नारळ बंद करा.'"

"मगे? बंद करतलंस?"

"तूच सांग. इतकी वर्सां दरवाजो उघडलो, पण एक तरी पेशंट भायर पडलो?"

"नाय बा."

"तां काय कंपनीन केल्यान?"

"खरा तां. सुनेक नेताना वळणार गाडी थांबव. नारळ मी देतंय."

"बरा."

"पण आदी ती कडी ओढून बघ हां!"