रिप्ले

फुटबॉलमंदी आजकाल खोटे फाऊल देतेत म्हणून तू कायले बोंबलून राह्यला बे? आमच्या कापसाचे वाईट दिवस होते ना, तवाची गोष्ट ऐक.

दिग्रसच्या खरेदी केंद्रावर एक ग्रेडर होता. बैलबंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालाचा, आतली मूठ काढाची, बोटानं चोळून पाहाची, मंग दर्जा सांगाचा, हे त्याचं काम. त्यानं खुर्चीवरूनच माह्या बंडीकडे पायलं अन् म्हणे, "ओला आहे. वापस न्या."

उन्हात कडकडीत वाळवलेला कापूस, गड्या!

म्या बंडी केंद्राच्या गेटावरच उभी ठेवली. संध्याकाळी गेटासमोरच्या कँटीनमंदी टीव्हीवर परदेशातली मॅच लागली. ग्रेडरसाहेब चाय घेऊन पुढंच बसलेले. एक मोठा खेळाडू गोलाजवळ धाडकन पडला अन् गुडघा धरून असा लोळला, जसं बैलानं तुडवलं. रेफरीनं लगेच पेनल्टी देल्ली. मंग रिप्ले दाखवला, त समोरचा गडी त्याच्यापासून हातभर दूर!

साहेब टेबलावर मूठ आपटून उठले. "हा अन्याय आहे! कोणी शिवलंसुद्धा नाही त्याला! लांबूनच शिट्टी मारतो? जवळ जाऊन पाहायला काय झालं होतं?"

माह्यं डोस्कंच फिरलं. म्या म्हटलं, "साहेब, सकाळी माह्या कापसाले तुमी तरी कुठं शिवलं?"

साहेब खाली बसले अन् म्हणे, "खेळ वेगळा, सरकारी काम वेगळं."

"वेगळं आहेच ना साहेब. खेळात रिप्ले तरी दाखवतेत."