चाळीस फूट

आपल्या स्टुडिओचे आदरणीय अध्यक्ष क्रेन्शॉसाहेब, व्यासपीठावर आवर्जून उपस्थित असलेले सेन्सॉर कचेरीचे हॅलोरनसाहेब, आजच्या सत्कारमूर्ती ऑगस्टाबाई आणि संकलन विभागातील माझ्या सहकाऱ्यांनो,

मला बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे. शाळा आठवीत सुटली. पुढचं जे काही आलं, ते इथे हॉलिवुडमध्ये, बाईंच्या टेबलापाशी.

बाईंची एक रीत होती. ज्या प्रसंगाला कात्री लागण्याची भीती, त्याच्या आधी त्या एक लांबलचक चुंबन ठेवायच्या. म्हणायच्या, "कुत्र्याला हाड टाकलं की ते ताटाकडे बघत नाही." हॅलोरनसाहेब, क्षमा असावी.

गेल्या वर्षीचा बर्लिनच्या शाळेवरचा चित्रपट आपल्याला आठवत असेल. जर्मनीतला धंदा बुडेल म्हणून 'ज्यू' हा शब्द पटकथेतून पंचवीस ठिकाणी गेला. एका ठिकाणी दिग्दर्शकांनी तो राहू दिला. म्हातारे मास्तर खिडकीत उभे आहेत. खाली पटांगणात त्यांचीच मुलं लाकडी बंदुका घेऊन कवायत करताहेत. मास्तर म्हणतात, "मी ज्यू आहे. कालपर्यंत ही मुलं माझ्याकडे बेरीज शिकत होती." चाळीस फूट फिल्म. अर्धं मिनिटसुद्धा नाही. तेवढ्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

या प्रसंगाच्या आधीही बाईंनी चुंबन ठेवलं होतं. सेन्सॉरच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मला ते फार लांब वाटलं. कचेरीचे नियम मला पाठ. बाईंना बोलणी बसू नयेत, म्हणून त्यांना न विचारता मी ते नियमात बसेल एवढं कापलं. हॅलोरनसाहेबांना हाड सापडलं नाही. त्यांनी ताटाला हात घातला; मास्तरांचे चाळीस फूट गेले.

क्रेन्शॉसाहेबांनी विचारलं, "हा प्रसंग आत राहिलाच कसा?"

"माझ्यामुळे," बाई म्हणाल्या.

मी शेजारी उभा होतो.

बाहेर आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अरे शहाण्या, हाडच साफ केलंस?"

म्हणून आजचा हा निरोप. पत्रिकेत 'विश्रांतीसाठी' असं छापलं आहे.

मास्तरांचं काम करणारे झेलिग्मानकाका मागच्या रांगेत बसले आहेत. ते व्हिएन्नाहून पळून आले. बहीण तिथेच राहिली. तिला लिहिलेली पत्रं आता न फोडता परत येतात. चित्रपट पाहून त्यांनी मला विचारलं होतं, "मग यात मी होतो तरी कोण?"

कापलेली फिल्म नष्ट करायची असते. मी केली नाही. जेवणानंतर बाईंच्या कामाचा नमुना म्हणून त्या चित्रपटाचं तेच रीळ दाखवायचं आहे. आज दुपारी ते चाळीस फूट मी जागेवर जोडले. सांधा तीनदा तपासला.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्यावं. मात्र चूक कुणाच्या नावावर लिहायचीच असेल, तर या वेळी बाईंच्या नको. माझं नाव वेंडेल प्राउटी. नीट लिहून घ्यावं.