पाण्याला वाट

कॉव्हेंट्रीच्या बसस्टॉपवर मराठी कानावर पडलं, तशी वरदानं मान वर केली. बाकावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते, शेजारी त्यांची मुलगी.

"तनया, आपल्या अडुसष्ट सालच्या गाडीचं वर्कशॉपवाला काय म्हणाला? खरं सांग."

"दाराखालचा पत्रा गेला, बाबा. आतून सडला."

"शक्यच नाही. तीन वर्षांपूर्वी प्रत्येक जोडात मी स्वतः सीलंट भरलंय. बोटानं दाबून. एक फट ठेवली नाही."

"तेच तर. तळाला छोटे होल्स असतात, पाणी जायला. तुम्ही ते पण भरले."

"भोकं दिसली, भरली."

"पाणी कुठून तरी आत येतंच ना, बाबा. मग ते तिथंच राहिलं."

"चाळीस वर्षं पोटं शिवली मी. आत काही साचेलसं वाटलं, की नळी ठेवूनच टाके घालायचो. ज्युनिअर विसरला, तर त्याची खैर नसायची."

"मग इथं कसे विसरलात?"

"तेव्हा तुझी आई जाऊन पंधराच दिवस झाले होते."

"माहितीये. तुम्ही गॅरेजमधून बाहेरच येत नव्हता. मी चहा दाराशी ठेवून जायचे."

"प्यायचो मी तो. गार झाल्यावर."

"आता नवीन पत्रा लावतील, होल्स मोकळे ठेवून. चला, बस आली."

"ही जाऊ दे. शेवटच्या दिवशी तुझी आई माझ्याशी बोलली होती, तनया. तुला सांगितलंच नाही मी."

वरदाचीही तीच बस होती. ती चढली आणि मुद्दाम, बाक दिसणार नाही अशा पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.