भिंतीखालची जागा

"मग उठून जायचं कुठं, ते तरी बोल ना!" मी बाळाजीला विचारलं, तर तो म्हणतो कसा, "मनुबाई, आवाज खाली घ्या, चित्र बघायला पाहुणे आलेत..." अहो, आगरदांड्याच्या धक्क्यावर कोळणीनं आवाज खाली घेतला तर पापलेट काय स्वतः उठून भाव सांगणार? तुम्हाला सांगते, हे सगळं आमच्या पाठीमागच्या त्या भिंतीपायी! कॉलेजची पोरं आली, त्यांच्यात मृणाल म्हणून एक गुणी पोर, आठवडाभर उन्हात रंगवत होती, आणि रंगवलं कुणाला, तर आम्हालाच! मधे मी, डाव्या अंगाला हमीदा सुकट घेऊन, उजव्या अंगाला कातकऱ्यांची बुधी खेकडे घेऊन, आणि वर मोठ्ठं लिहिलेलं, 'आपण सगळे एक'. माझं नाक जरा चपटं केलंय, पण असो. शाळेचं तोंड न बघता बोटींच्या नावांवरनं वाचायला शिकलेली बाई मी, मीच ते दोघींना वाचून दाखवलं. बुधी रडली हो! तिचं तोंड आजवर कुणी कशाला काढलं असतं?

आणि रंग वाळतो न वाळतो तोच धक्क्याच्या कमिटीचा हा बाळाजी हजर. "मासळीचं पाणी उडतं, चित्र खराब होतं, तुम्ही बायांनी संडासामागं बसायचं!" घ्या! भिंतीवर सगळे एक, आणि खाली सगळे उठा!

मृणाल रडकुंडीला आली, "आजी, आम्ही असं नव्हतं सांगितलं हो..." मी कसली ऐकते? भांडले. अख्खा धक्का गोळा झाला. तसा बाळाजी माझ्या कानाशी आला, साखरेत घोळवून म्हणतो, "मनुमावशी, तुम्ही बसा, तुम्ही गावातल्या. त्या दोघींना तेवढं मागं पाठवा."

हमीदानं ऐकलं. सुकटीवर फडकं टाकलं आणि उठली. बुधीनं तर खेकड्यांची माळ उचललीसुद्धा. कुणी ऊठ म्हटलं की उठायची सवयच तिला! "जाते गं मनू, तुजं तरी गिऱ्हाईक राहू दे..."

आमची रीत आहे, जी आधी येईल तिनं तिघींची गोणपाटं अंथरायची. हमीदाचा नवरा गेला, ती त्यांच्यात विधवेनं पाळायच्या इद्दतीला घरात बसली, तेव्हा महिनोन्महिने ही बुधी तिचं रिकामं गोणपाट अंथरायची आणि त्यावर कुणाला टेकू द्यायची नाही. आणि आज मी बसू? भिंतीवर सगळे एक, आणि खाली एकटी मनुबाई!

जागेची भीती नव्हती का मला? होती की! फेरीबोटीतनं उतरलेलं गिऱ्हाईक पहिलं तिथंच येतं. संडासामागं कोण येणार मासळी घ्यायला?

पण हमीदाला हाताला धरून बसवली, बुधीच्या हातातली माळ खाली ठेवली, आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाळाजी, देवाला बसव एकटं, त्याचं भागतं, मला भांडायला दोन्ही अंगांना शेजारीण लागते!"