चिंधीवाली सुरी

माह्या सुरीच्या चिंधीले हसता, पन अगोदर आयका.

फुलकोबी तोडाले आली होती, म्हनून म्या संग्रामपूरच्या लोहारकाकाले गाडीच्या जुन्या कमानपट्ट्याची सुरी सांगतली. काकानं पातं तापोलं, कडक व्हाले पानी पाजलं, अन् मंग आठोलं का मुठीचे भोकं पाडाचे राह्यलेच. मशीन लावली. ड्रिलची बिट तुटली.

काका खूश! चहावाल्याले हाक मारली, "पाय बे, काय पानी पाजलं म्या!"

दुसरी बिट तुटली, तं साऱ्याइले चहा पाजला.

"काका, पन भोक?"

"भोक लोखंडाले पडते, भाऊ. हे पातं हाये."

शेवटी म्याच महागाची बिट आनली. ती आरपार गेली! काकानं मशीन बंद केली. चहावाला कप उचलून गेला.

"कच्चं निघालं," काका म्हने, अन् पातं भंगारात फेकलं. "दुसरं देतो."

म्या हात जोडले. "काका, ह्या खेपेले पानी पाजाच्या अगोदर भोक पाडा."

"वा! मंग पानी बराबर बसलं का नाही, हे मले कसं समजन?"

दुसऱ्या पात्यावर माही महागाची बिट बी तुटली. काकानं पेढे वाटले, अन् मुठीच्या जागी सोताच्या हातानं ही चिंधी गुंडायून देली.