दुकान उघडं आहे हो!

…नाही, पण मला एक सांगा, माणूस दुकानात बसलाय, पंखा फिरतोय, दिवे लागलेत, भिंतीवरच्या चष्म्याच्या फ्रेमा माझ्यासकट रस्त्याकडे टक लावून बघतायत, आणि दारात येऊन उभा राहिलेला गृहस्थ हातातल्या फोनकडे बघत विचारतो, "हे दुकान बंद कधी झालं हो?" कुणाला विचारतो? मला! मालकाला! मी म्हटलं, "दुकान उघडं आहे हो, मी आत बसलोय!" तर म्हणतो, "नाही, पण इथे लिहिलंय. कायमचे बंद." म्हटलं, "अहो, पण मी दिसतोय ना तुम्हाला?" त्यांनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली, म्हणाले, "तसे अंधुक दिसताय."

आता बोला! अंधुक दिसतं म्हणूनच तर आले होते बिचारे! आमच्या धंद्याची हीच तर पंचाईत आहे, तुम्हाला सांगतो. चष्म्याच्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला 'स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा' असं सांगायचं कुठल्या तोंडाने? गेले ते. "असू दे, असू दे," म्हणाले, वर मलाच धीर देऊन गेले!

तर झालं होतं काय, की फोनमध्ये तो नकाशा असतो ना, ज्याला आपण पत्ता विचारतो आणि जो आपल्याला गल्लीबोळ फिरवून शेवटी बरोबर ठिकाणी आणून सोडतो, त्या नकाशाने मला बंद केलं होतं. कायमचं! आता त्याच्याशी माझं वैर नाही हं. उलट इतकी वर्षं लांबलांबच्या माणसांचा हात धरून त्याने माझ्या दारात आणून सोडलं, उपकार आहेत त्याचे. पण एक दिवस सकाळी उठून त्याच्या मनात आलं आणि पुसलं मला! न विचारता, न सांगता!

आणि ही बातमी कशी पसरते बघा. ताईचा फोन. रडवेली. "दादा, दुकान बंद केलंस आणि मला सांगितलंही नाहीस? मी परकी झाले का?" म्हटलं, "ताई, दुकान उघडं आहे गं, मी आत बसलोय!" तर ती अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात ना, तशी बोलायला लागली, "हे बघ, बंद झालेल्या दुकानात असं एकटं बसू नये रे. घरी जा. हळूहळू सवय मोडेल."

शेजारचा शिंपी तर टेप घेऊनच आला. मला वाटलं माझं माप घेतोय की काय, तर नाही, काउंटरचं! "काका, जागा सोडताच आहात तर आधी मला सांगा हं, कपडे घालून बघायला एक खोली काढायचीय." मी ओरडलो, "अरे, दुकान उघडं आहे!" तर म्हणतो, "हो हो, मी कुठे घाई करतोय?" आणि टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात दिलं! आणि मी धरलं हो! सवयीने!

दुरुस्तीला टाकलेले चष्मे महिनोन् महिने न नेणारी माणसं धापा टाकत आली आणि आपापला चष्मा छातीशी धरून गेली. दोन दिवस नुसती झुंबड! मला वाटलं, वा! बंद होण्यात फायदा आहे! पण तिसऱ्या दिवसापासून… कुणी नाही. एक माणूस नाही. रस्त्यावरून लोक जातायत, फोनकडे बघतायत, पुढच्या चौकातल्या दुकानात शिरतायत. खरं सांगतो, तेव्हा मात्र हसू आटलं माझं. बावीस वर्षं मी या काउंटरमागे उभा आहे, म्हटलं संपलं की काय आपलं? असं, बसल्या बसल्या?

मग मी त्या नकाशावाल्यांना लिहिलं. सरळ, सभ्य भाषेत. 'दुकान उघडं आहे, मी आत बसलोय.' लगेच उत्तर! "आपल्या सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार! आपण या ठिकाणाला कधी भेट दिली आहे का?" भेट! मी तिथे डबा खातो, तिथे डुलक्या काढतो, मला विचारतात भेट दिली आहे का! मी दुकानातला माझा फोटो पाठवला. उत्तर, "सुंदर फोटो! आतापर्यंत तीन जणांनी पाहिला." त्यातली एक ताई, एक शिंपी आणि तिसरा मी! आणि शेवटी काय आलं? "क्षमस्व. आपली सूचना स्वीकारता येत नाही. आमच्या एका अत्यंत विश्वासू सदस्येने हे ठिकाण कायमचे बंद झाल्याची माहिती दिली आहे."

विश्वासू सदस्या! म्हटलं, कोण ही बाई? काय वाकडं केलं मी हिचं? नावाच्या जागी नुसता फोटो. फोटोत काय, तर कान तुटलेल्या कपात लावलेलं मनीप्लांट. मी चष्मा पुसला. परत बघितलं. अहो, कप ओळखीचा! त्याचा कान मीच तोडला होता!

आमची ही!

आता हिच्याबद्दल सांगायला हवं तुम्हाला. फोन आपल्याला सारखे काहीबाही प्रश्न विचारतो की नाही? आवाज नीट आला का, दवाखाना कसा वाटला, तुम्ही यंत्र तर नाही ना… तुम्ही-आम्ही काय करतो? चिडून पुसून टाकतो. ही उत्तर देते! प्रत्येक प्रश्नाला! "इतकं अदबीने विचारतोय बिचारा, गप्प कसं बसायचं?" शिडीची चित्रं निवडा म्हटलं की ही विचारात पडते, "अहो, शिडीवरचा माणूस धरायचा का?" अटी आणि नियम अख्खे वाचते! जगात ते वाचणारी ही एकटीच असणार. अभिप्राय तर ढिगाने लिहिलेत. 'दाताचे डॉक्टर प्रेमळ. पंखा कुरकुरतो.' 'पूल मजबूत आहे. खाली नदी आहे.' एवढा सच्चा माणूस मिळाल्यावर नकाशा दुसऱ्या कुणाचं कशाला ऐकेल?

तरातरा घरी गेलो. म्हटलं, "अगं, तू मला बंद केलंस?" ही शांतपणे म्हणाली, "फोनने विचारलं, मी सांगितलं." "अगं, पण कायमचं?" "तुम्हीच म्हणालात! भरल्या ताटावर बसून!"

आठवलं. एक पोरगा आला होता, दुकानातल्या यच्चयावत फ्रेमा नाकावर चढवून बघितल्या, एकीचा फोटो काढला, घरबसल्या फोनवरून तीच मागवली आणि वर माझ्याकडे ती नाकावर नीट बसवून घ्यायला आला! डोकंच फिरलं. घरी येऊन गरजलो, "बास! उद्यापासून दुकान कायमचं बंद!" आणि नेमकं तेव्हाच त्या फोनने हिला विचारावं, 'हे दुकान कायमचं बंद झालं का?'

"अगं, रागात म्हणालो मी!"

"रागात की कसं, ते त्याने विचारलं नाही. हो की नाही, एवढंच होतं."

"मग मी रोज डबा घेऊन कुठे जातो असं वाटलं तुला?"

"आवराआवर करत असाल. एवढ्या वर्षांचं दुकान, वेळ लागतोच. मी आपली वाट बघत होते."

माझं लक्ष गॅलरीत गेलं. तिथे हिची एक खुर्ची असते, संध्याकाळी बसायची. आज दोन होत्या. दुसरी माळ्यावरून काढून पुसून ठेवलेली. मग हिने चार वर्षांपूर्वी माझ्या दुकानाबद्दल लिहिलेला अभिप्राय उघडून दाखवला. मी कधी वाचला नव्हता. 'काचा उत्तम. मालक गोड बोलतात. घरी फार उशिरा येतात.' जगाला सांगून झालं होतं, तुम्हाला सांगतो, फक्त मला कळायचं राहिलं होतं. वाईट वाटलं हो… खूप वाईट वाटलं.

शेवटी म्हणाली, "उघडं आहे म्हणून सांगते. पण मी खोटं सांगणार नाही. बंद करायची वेळ काय लिहू?"

"नऊ."

"नऊला कोण येतं?"

"अगं, एखाद्याचा चष्मा फुटला तर?"

"मग त्याने झोपावं. झोपायला चष्मा लागत नाही."

आणि लिहिलं, सात! मी आठवडाभर त्या नकाशाच्या विनवण्या केल्या, हिने एक बोट टेकवलं आणि मी मिनिटात उघडलो!

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. कालची गंमत ऐका. ते पहिले गृहस्थ, अंधुकवाले, मधे परत येऊन नंबर काढून गेले होते, ते चष्मा न्यायला आले. चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, कानामागे नीट बसवला, आरसा दिला. खूश! म्हटलं, बसा, जरा गप्पा मारू. त्यांनी फोन बघितला आणि ताडकन उठले. "सात वाजले. तुम्ही बंद झालात."

"अहो, दुकान उघडं आहे हो, मी आत बसलोय!"

त्यांनी नव्या चष्म्यातून फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, चांगलं नीट निरखून, आणि म्हणाले, "नाही. आता मला अगदी स्वच्छ दिसतंय. तुम्ही बंद आहात. घरी जा."

नंबर मीच काढून दिलेला… ओढलं शटर!