हेमलताबाईंची कच्ची शिलाई

निष्काम कर्म हे सगळ्यांत थोर कर्म, असं शास्त्र सांगतं, मंडळी. करावं, आणि फळाकडे पाठ करून बसावं. शास्त्र सांगणाऱ्याला लेकीचा ब्लाउज शिवावा लागला नव्हता, एवढीच अडचण आहे.

तेव्हा आजचा प्रश्न असा – आपण दुसऱ्यासाठी जे करतो, ते खरंच दुसऱ्यासाठी करतो का? लगेच माना डोलावू नका. आधी ऐका.

मिरजेत हेमलताबाई करंबेळकर राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक लेक मैत्रेयी, बंगळुरूला नोकरीला. रविवारी फोन येतो. 'जेवलीस?' 'जेवले. तू?' 'जेवले.' झाला फोन. दोघी जेवल्या, आणखी काय पाहिजे? दिवसभर बाई टीव्ही लावून ठेवतात. बघत नाहीत हो. घरात कुणीतरी बोलतंय, एवढंच.

आणि एकदा फोन वाजला मंगळवारी! बाईंनी टीव्हीचा आवाज बंद करून उचलला.

'आई, मला एक ब्लाउज शिवून देशील?'

ब्लाउज म्हटल्यावर आईच्या मनात काय येणार? 'कोण आहे गं मुलगा? जातीबितीचं मी काही म्हणणार नाही हं.'

'आई, लग्न नाही. कॉस्प्ले आहे. इथला शिंपी चित्र बघून हसतो.'

कॉस्प्ले म्हणजे काय – तर कार्टूनमधल्या पात्राचा हुबेहूब वेश करायचा आणि तसल्याच लोकांत जाऊन फोटो काढायचे. मैत्रेयी होणार होती कुठल्याशा राज्याची लढवय्यी राणी. हसताय? गेल्या दत्तजयंतीला आपल्या चिरमुल्यांना दत्त केलं, दोन डोकी पुठ्ठ्याची. तेव्हा पाया पडलात की!

'मापाचा ब्लाउज कुरिअरनं पाठवते,' लेक म्हणाली.

'माप पाठव. पण ट्रायलला तुला यावं लागेल. ट्रायलशिवाय ब्लाउज होत नाही.'

'...बरं. पुढच्या शनिवारी येते.'

शिलाई मशीनवरची फुलदाणी खाली उतरली. तेल घातलं, पट्टा बदलला. तो आठवडाभर टीव्ही बंद – मशीन बोलत होतं ना. शेजारच्या लिमयेवहिनी डोकावल्या.

'काय हो हेमाताई, या वयात शिवणाचा क्लास?'

'मैत्रेयीचा आहे. शनिवारी येतेय ट्रायलला.'

'ट्रायलला, की आईला भेटायला?'

'एकच की ते.'

एकच का, मंडळी? बघू.

गुरुवारी दुपारी ब्लाउज तयार. बाह्या, गळा, हुक, सगळं. मापाच्या ब्लाउजवर ठेवून बघितला – एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. बाई त्याच्याकडे बघत बसल्या. एवढा बिनचूक ब्लाउज. आता ट्रायल कशाची घ्यायची?

बाईंनी ब्लेड घेतलं आणि एक कूस, म्हणजे बाजूची शिवण, उसवली. वरून काखेपासून कमरेपर्यंत पांढरा धावदोरा घातला. कच्ची शिलाई.

पाप आहे का? असेल. पण ताप नसताना मुलाला फोनवर 'जरा कणकण वाटते' असं तुम्ही सांगता, ते काय पुण्य? मागच्या रांगेतल्या आजी, तुमच्याकडे नाही बघत मी.

मग वाल भिजत घातले. लेकीला डाळिंब्यांची उसळ आवडते.

शुक्रवारी फोन. 'आई, ऑफिसात फार काम निघालंय गं. नाही जमत. ब्लाउज कुरिअर करतेस?'

'अगं, पण तो कच्चा आहे. एक कूस राहिलीय.'

'का पण? माप दिलं होतं ना?'

'अंगावर बघितल्याशिवाय पक्की टीप कशी मारायची?'

तिकडे कुणीतरी मैत्रेयीला हाक मारली. 'आले,' ती त्याला म्हणाली. मग आईला म्हणाली, 'जाऊ दे आई, नसेल होत तर राहू दे. मी ऑनलाइन मागवते.'

रागानं नव्हे हो. साधंच म्हणाली. पण एवढ्या वर्षांत लेकीनं सांगितलेलं हे एकच काम.

'मागवतेस कशाला? होतंय की,' बाई म्हणाल्या. 'उद्या पाठवते.'

फोन ठेवला. धावदोरा ओढून काढला. त्याच जागी पक्की टीप मारली. आत दोन बोटं माया सोडली. शिवणात जादा कापडाला माया म्हणतात. बुवा आता मायेवर तासभर बोलणार असं वाटलं ना? नाही बोलणार. इस्त्री केली, पार्सल गेलं. डाळिंब्या बाईंनी एकटीनं संपवल्या, चार जेवणं पुरल्या. टीव्ही लावला.

तर सांगा, कर्म निष्काम होतं का? अजिबात नव्हतं. लेकीनं आरशासमोर हात वर करून 'आई, काखेत धरतंय गं' म्हणावं, एवढं फळ हवं होतं त्या बाईला. तुमच्याही घरी कुणीतरी लोणच्याची बरणी भरून म्हणतं, 'पाठवू, की येतोस न्यायला?' आणि तुम्ही पत्ता पाठवता. पोचली की अंगठा पाठवता. बरणी सगळ्यांना कळते, मंडळी. प्रश्न कळत नाही. आज घरी गेलात की तेवढा एक प्रश्न आठवून बघा.

बाकी मैत्रेयीचा तो कॉस्प्लेचा कार्यक्रम झकास झाला. फोटो आला. बाईंनी चष्मा पुसून, दोन बोटांनी मोठा करून बघितला. लिमयेवहिनींना दाखवला.

'छान दिसतेय हो,' वहिनी म्हणाल्या. 'ब्लाउज कुठाय?'

राणीनं गळ्यापासून कमरेपर्यंत फोमचं चिलखत घातलं होतं. ब्लाउज आत होता.